गोबरगॅसची शेगडी : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

आजोबांनी १९८४ साली बांधलेला गोबरगॅस तीन आठवड्यांपूर्वी पुन्हा भरला. दोन घनमीटरचा, तरंगत्या टाकीचा, खादी ग्रामोद्योगाचा जुना नमुना. लोखंडी टाकी गंजून चाळण झाली तेव्हापासून बारा-तेरा वर्षं तो पडूनच होता. आता टाकी फायबरची बसवली आहे. गोठ्यात चार जनावरं, रोज चाळीस-पंचेचाळीस किलो शेण. किलोमागे साधारण चाळीस लिटर गॅस धरतात, म्हणजे दिवसाला दीड ते पावणेदोन घनमीटर. दोन वेळचा स्वयंपाक निघायला हरकत नाही. कागदावर तरी.

पहिली भरलेली टाकी मुद्दाम हवेत सोडून दिली. दादाला ते जिवावर आलं होतं. पण सुरुवातीच्या गॅसात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे टाकीत आधीची हवा कोंडलेली असते. हवेत मिथेन, म्हणजे गोबरगॅसचा जळणारा भाग, ५ टक्क्यांपेक्षा कमी असला तर पेटत नाही, १५ टक्क्यांपेक्षा जास्त असला तरी पेटत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र काडीसुद्धा लागत नाही, एक ठिणगी पुरते. पहिली टाकी नेमकी त्या पट्ट्यात असू शकते. म्हणून कॉक उघडला, गोठ्यातला बल्बही बंद ठेवला आणि तासभर कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही.

आज दुसरी टाकी भरली. माळ्यावरची जुनी एलपीजीची शेगडी उतरवून जोडली. काडी लावल्यावर पेटली, निळीशार पेटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्योत नखाएवढी. चहाचं आधण ठेवलं, पंचवीस मिनिटांनी पाणी नुसतं कोमट.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, ही शेगडी आहे का निरांजन?"

संध्याकाळी दाब मोजला. पारदर्शक नळी यू आकारात वाकवली, पाणी दिसावं म्हणून त्यात देवघरातलं चिमूटभर कुंकू टाकलं. एक टोक गॅसच्या नळीला, दुसरं मोकळं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात ५ सेंटीमीटरचा फरक. फायबरची टाकी हलकी, वर वजनच नाही. तात्यांनी बांधावरचे दगड आणून ठेवायला सांगितलं, पूर्वी आजोबाही ठेवायचे म्हणे. टाकीचा व्यास १२५ सेंटीमीटर, म्हणजे वरचं क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरच्या आसपास. एक सेंटीमीटर पाण्याचा दाब वाढवायला बारा किलो दगड लागतात. तीन दगड, ३६-३७ किलो. फरक ८ सेंटीमीटर झाला. ज्योत नखावरून पेरभर झाली, एवढंच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

त्रिपुरी पौर्णिमा. देवळात पणत्या लावायला पुतणी घेऊन गेली. आठवीत आहे, प्रश्न विचारायच्या वयात. "काका, पणती पिवळी आणि आपली शेगडी निळी का?"

तिथंच दाखवता आलं. पणतीच्या ज्योतीत, अगदी पिवळ्या भागात, स्टीलचा चमचा दोन सेकंद धरला. काळा झाला. शेगडीवर घरी आल्यावर तसाच धरला. काही नाही, नुसता चमचा घामेजल्यासारखा ओला.

तेल स्वतः जळत नाही. वातीवरून वर चढतं, तापून त्याची वाफ होते, ती वाफ जळते. मेणबत्ती फुंकल्यावर वातीवरून पांढरी रेघ वर जाते, तीच ही वाफ. त्या रेघेला दोन बोटं वरून काडी लावली की ज्योत उडी मारून वातीवर येते. घरी पाचदा करून दाखवावं लागलं, सहाव्यांदा तिनं केलं. आता ही वाफ ज्योतीच्या पोटात पोचते तेव्हा तिथे उष्णता भरपूर पण हवा नाही. हवा फक्त बाहेरच्या कडेनं मिळते. मग वाफेचे रेणू फुटतात, कार्बनचे बारीक कण सुटतात आणि ते तापलेल्या कोळशासारखे पिवळे चमकतात. कडेला पोचल्यावर हवा मिळून जळून जातात. चमचा मध्ये घातला की जळण्याआधीच त्याला चिकटतात. पणतीचा सगळा उजेड म्हणजे तापलेली काजळी.

शेगडीत हवा आधीच मिसळलेली असते. काजळी व्हायला वेळच मिळत नाही. निळा रंग कणांचा नाही, जळता जळता क्षणभर तयार होणाऱ्या कार्बन-हायड्रोजनच्या तुकड्यांचा आहे. उजेड कमी, पण भांड्याला उजेड नकोच असतो.

हवा आधी मिसळायची ही युक्ती हायडेलबर्गला १८५५ च्या सुमारास बुन्सेनच्या प्रयोगशाळेत पक्की झाली. त्याचा यंत्रकार देसागा यानं तो बर्नर घडवला. शाळेच्या प्रयोगशाळेत बुन्सेनचं नाव ऐकतो, देसागाचं कुणी घेत नाही. लेथवर, धातू कातायच्या यंत्रावर, उभा राहणारा माणूस म्हणून मला ते जरा लागतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज गॅसात मिथेन किती ते काढलं. अंदाज पंचे नको.

मेडिकलमधून ६० मिलिलिटरची सिरिंज आणली. त्यात ५० मिलिलिटर गॅस ओढला, मग कॉस्टिक सोड्याचं पाणी १० मिलिलिटर. तोंड बंद करून हलवलं. हातात मोजे, डोळ्याला चष्मा. कॉस्टिक डोळ्यात उडालं तर दृष्टी जाते, इथे हयगय नाही. दट्ट्या आपोआप आत ओढला जाताना बघायला मजा येते, जणू कुणी पलीकडून चोखतंय. कार्बन डायऑक्साइड सोड्यात विरघळतो, मिथेन तसाच राहतो. हलवून हलवून दट्ट्या थांबला तेव्हा गॅस उरला ३१ मिलिलिटर. तीनदा केलं : ३१, ३१, ३०. म्हणजे ६२ टक्के मिथेन. शेणाच्या मानानं चांगला गॅस आहे.

मग हिशेबाला बसलो.

मिथेनच्या एका मापाला ऑक्सिजनची दोन मापं लागतात. हवेत ऑक्सिजन एक पंचमांशाच्या जरा वर, म्हणून हवा साडेनऊ मापं. आमच्या गॅसात मिथेन ६२ टक्के, तेव्हा एका मापाला हवा ५.९ मापं. आता एलपीजी बघा : प्रोपेनला हवा लागते जवळजवळ २४ मापं, ब्युटेनला ३१. एलपीजी म्हणजे दाट आटवलेली बासुंदी, आमचा गॅस म्हणजे पाणी घातलेलं ताक. सारखीच भूक भागवायची तर ताक तांब्याभर प्यावं लागणार. आणि एलपीजीच्या शेगडीचं जेट, म्हणजे गॅस सुटायचं बारीक भोकाचं पितळी तोंड, वाटीभर बासुंदीसाठी बनवलेलं.

आमच्या शेगडीच्या जेटचं भोक ०.८ मिलिमीटर निघालं. ८ सेंटीमीटर दाबाला गॅस जेटमधून सेकंदाला सुमारे ३८ मीटर वेगानं सुटतो, म्हणजे ताशी १३५ किलोमीटरच्या पुढे. ऐकायला जबरदस्त, पण एवढ्याशा भोकातून तासाला गॅस जातो फक्त ५५ लिटर. एका लिटरला २० किलोज्यूल धरले तर ताकद ०.३ किलोवॅट. वहिनी निरांजन म्हणाल्या त्यात फारसं चुकलं नव्हतं.

तासाला ४५० लिटर हवे असतील, म्हणजे अडीच किलोवॅट, तर भोक २.३ मिलिमीटर हवं. क्षेत्रफळ आठपट.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन माझं लेथचं दुकान उघडलं, शटर अर्धंच. पितळी जेट पकडून २.३ चं ड्रिल चालवलं, कडेला उठलेली बारीक धार काढली. दहा मिनिटांचं काम.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवतो. ही शेगडी आता एलपीजीला चुकूनही जोडायची नाही. सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून येणारा दाब ३० सेंटीमीटर पाण्याचा, आमच्यापेक्षा जवळजवळ चौपट, आणि भोक आठपट. ओट्यावर भडका उठेल. शेगडीच्या पायांना लाल ऑइलपेंट लावला, नळीसुद्धा वेगळ्या मापाची ठेवली म्हणजे रेग्युलेटरची नळी बसणारच नाही.

दुपारी जोडून पेटवली. फुस्स आवाज मोठा, ज्योत बर्नरच्या बोटभर वर तरंगायला लागली, एकीकडून सुटली, दुसरीकडे गेली, आणि विझली. पुन्हा पेटवली. पुन्हा उडाली. कॉक निम्मा केला की टिकते, पूर्ण उघडला की उडते. दादा हसत होता. वास सुटला म्हणून खिडक्या उघडून सगळं बंद केलं.

रात्री उलगडा झाला, अंथरुणात पडल्यावर. आम्ही ज्योत ही बर्नरवर बसलेली वस्तू समजतो. ती बसलेली नसते. मृगाच्या पावसात ओढ्याला पाणी येतं तेव्हा चढणीचे मासे प्रवाहाच्या उलट पोहत एका जागी दिसतात, तशी ती असते. गॅस आणि हवेचं मिश्रण भोकातून वर येतं, आग त्याच्या उलट, खाली सरकायला बघते. दोघांचा वेग जुळला की ज्योत जागेवर. पाणी जास्त झालं की मासा वाहून जातो. ओढा आटला की मासा थेट वर चढतो.

आगीचा हा पोहण्याचा वेग प्रत्येक गॅसाचा ठरलेला असतो. स्वच्छ मिथेन हवेत योग्य प्रमाणात मिसळला तर सेकंदाला सुमारे ४० सेंटीमीटर. प्रोपेनचा त्याहून किंचित जास्त. हायड्रोजनचा तब्बल तीन मीटरच्या घरात. आमच्या गॅसात कार्बन डायऑक्साइड आहे, तो जळत नाही आणि उष्णता मात्र खातो, म्हणून आमचा मासा मंद : फार तर २५ सेंटीमीटर.

आणि प्रवाह? जुन्या बर्नरच्या टोपीला दीड मिलिमीटरची साठ भोकं, सगळी मिळून जेमतेम एक चौरस सेंटीमीटर. तासाला ४५० लिटर गॅस आणि गरजेच्या निम्मी हवा आत ओढली जाते असं धरलं, तर त्या भोकांतून मिश्रण सेकंदाला साडेचार मीटरनं बाहेर पडणार. पंचवीस सेंटीमीटरच्या माशाला साडेचार मीटरचा लोंढा. भोकाच्या कडेला प्रवाह मंदावतो, ज्योतीचं बूड तिथे पाय रोवून राहतं, म्हणून थोडा फरक चालतो. एवढा नाही.

जेट मोठं केलं आणि तोंड तेवढंच ठेवलं. शाळकरी चूक.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुकानात नवीन टोपी केली. बिडाचा तुकडा भंगारात पडला होता, तोच फिरवला. ५ मिलिमीटरची २१ भोकं, दोन वर्तुळांत. एकूण क्षेत्रफळ चार चौरस सेंटीमीटरच्या वर, जेटच्या शंभरपट. वेग साडेचार मीटरवरून एक मीटर वीसवर आला.

पेटवली. बसली. उडत नाही, फुरफुरत नाही, प्रत्येक भोकावर छोटा निळा शंकू आणि भोवती फिकट निळसर झालर. शंकू मोजला, साधारण बारा मिलिमीटर. आतल्या शंकूत गॅस बर्नरनं आणलेल्या हवेवर जळतो, झालरीत बाहेरच्या. भांड्याचं बूड आतल्या शंकूला टेकता कामा नये. थंड धातू लागला की ज्वलन अर्धवट राहतं आणि कार्बन मोनॉक्साइड सुटतो, ज्याला वास नाही. म्हणून भांड्याच्या टेकूची उंची टोपीपासून २८ मिलिमीटर केली.

आधणाची परीक्षा : दोन लिटर पाणी, २८ अंशांवरून उकळीपर्यंत. आमच्याकडे पाणी ९८ अंशांनाच उकळतं, गाव समुद्रापासून पाचशे-सहाशे मीटर उंचावर आहे. वेळ ८ मिनिटं १० सेकंद. गॅस किती गेला तेही मोजलं : टाकीच्या अंगावर पांढऱ्या रंगानं सेंटीमीटरच्या रेघा मारल्यात, एक सेंटीमीटर म्हणजे बारा लिटर. टाकी पाच रेघा खाली आली, साठ लिटर, म्हणजे १२०० किलोज्यूल. पाण्यात शिरले ५८६. निम्मी उष्णता भांड्यात, निम्मी स्वयंपाकघरात. पहिल्या खेपेला वाईट नाही.

पुतणीला आणखी एक खेळ दाखवला. स्टीलची बारीक जाळी, रवा चाळायच्या चाळणीची, ज्योतीवर आडवी धरली. ज्योत जाळीखाली थांबली, जाळीच्या वर काहीच नाही. वर गॅस येतच होता. वरून काडी लावली की तिथेही पेटला. मग बंद करून उलटं केलं : कॉक उघडला, जाळीच्या वरून पेटवलं, ज्योत वर आणि खाली अंधार. जाळी तापून लाल व्हायच्या आत आटोपलं.

आगीला पुढे सरकायला पुढच्या थराला तापवावं लागतं. बारीक भोकात धातू ती उष्णता पिऊन टाकतो आणि आग उपाशी मरते. मिथेनसाठी ही हद्द दोन-अडीच मिलिमीटरच्या आसपास. त्याहून बारीक फटीतून ज्योत जात नाही. हम्फ्री डेव्हीनं १८१५ साली याच गुणावर खाणकामगारांचा दिवा केला. त्याआधी तीन वर्षं, १८१२ मध्ये, इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत वायूचा स्फोट होऊन ९२ जण गेले होते. खाणीतला तो वायू म्हणजे हाच आपला मिथेन. डेव्हीच्या दिव्यात ज्योतीभोवती तारेची जाळी, आत वायू पेटला तरी आग जाळीबाहेर येत नसे.

गॅसच्या नळीत, टाकीपासून निघतो तिथे, याच जाळीची चार पदरी गुंडाळी करून बसवली. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

१ डिसेंबर, रविवार

दुकानात असताना वहिनींचा फोन. "भावजी, शेगडी फटाका वाजवून आतच जळायला लागलीय. बंद केली मी. पोरगी भ्याली." वहिनींनी घाबरून गॅस उघडा टाकला नाही, कॉक आधी बंद केला, हे फार बरं झालं.

जाऊन बघितलं. डाळ शिजत आली म्हणून त्यांनी आच अगदी मंद केली होती. बर्नर तासभर पेटलेला, टोपी तापून हात लावायची सोय नाही. फट् असा आवाज झाला, वरची ज्योत गायब, आणि आतल्या नळीत जेटच्या तोंडाशी घोंगावत आग. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास. नळीचा रंग उडालाय.

ओढा आटला, मासा वर चढला. हे मीच लिहून ठेवलं होतं, आणि तरी पुढचं पाऊल सुचलं नाही. भोकं ५ मिलिमीटरची, म्हणजे आगीला आत जायला दार सताड उघडं. कॉक मंद केला तसा मिश्रणाचा वेग उतरला. त्यात टोपी तापलेली. मिश्रण आधीच गरम झालं की आगीचा वेग वाढतो. दोन्हीकडून जमून आलं.

पण एक कोडं राहिलं. आधीचा आठवडाभर वहिनी रोज मंद आचेवर डाळ शिजवत होत्या, तेव्हा का नाही झालं? पुतणीला विचारलं तेव्हा तिनं मान खाली घातली. जेटजवळची हवेची चकती तिनं पूर्ण उघडली होती, ज्योत आणखी निळी होते का बघायला.

तिला रागावलो नाही, कारण तिनं नकळत एक उत्तर दिलं. हवा गरजेच्या निम्मी असते तेव्हा बर्नरच्या आत मिथेनचं प्रमाण साडेपंधरा टक्क्यांच्या वर असतं. १५ च्या वर म्हणजे पेटण्याच्या पट्ट्याबाहेर! आग आत जाऊच शकत नाही, आत तिला पुरेशी हवाच नाही. उरलेली हवा बाहेर, भोकाच्या तोंडाशी मिळते, म्हणून ज्योत तिथेच राहते. चकती पूर्ण उघडली, हवा गरजेच्या निम्म्यावरून पाऊणपट झाली, मिथेन साडेअकरा टक्क्यांवर उतरला आणि बर्नरच्या पोटात पेटायला तयार मिश्रण साठलं. घरगुती शेगडीत कंपन्या हवा मुद्दाम अपुरी ठेवतात ती काटकसर नव्हे. मला पंचवीस वर्षं लेथवर काढून हे आज कळलं.

८ डिसेंबर, रविवार

दोन दुरुस्त्या. पहिली, चकतीला स्क्रू मारून ती निम्म्याच्या जरा पुढे कायमची पक्की केली. पूर्ण बंद करूनही पाहिलं : ज्योत लांब, लुळी, टोकं पिवळी, भांड्याला धुरकट डाग. एलपीजीइतकी काजळी मात्र नाही. मिथेनच्या रेणूत कार्बनचा अणू एकच, आणि सोबतचा कार्बन डायऑक्साइड ज्योत थंड ठेवतो.

दुसरी, टोपी पुन्हा केली. ५ च्या जागी अडीच मिलिमीटरची भोकं. व्यास निम्मा की क्षेत्रफळ पाव, म्हणून २१ च्या जागी ८४ भोकं. एकूण वाट तेवढीच, वेग तेवढाच, पण प्रत्येक दार इतकं अरुंद की आग आत शिरायला गेली तर धातू तिला गिळेल. टोपीची जाडी वाढवून ८ मिलिमीटर केली. ८४ भोकं पाडताना दोन ड्रिल मोडले. लेथवर मन रमतं, ड्रिलवर नाही.

दोन तास पेटती ठेवून कॉक एकदम खाली आणला. वीस वेळा. एकदाही फट् नाही. शेवटच्या काडीएवढ्या ज्योतीवर ती विझली, पण आत गेली नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. प्रसादाची खीर शेगडीवर, आणि ज्योत पुकपुक करायला लागली. मोठी, लहान, मोठी, लहान, घड्याळासारखी. दाब बघितला तर नळीतलं कुंकवाचं पाणीही वरखाली नाचतंय.

नळीत पाणी साचलं होतं. टाकीतला गॅस ओला असतो. रात्री थंडी पडली की नळीत दव धरतं आणि सखल भागात गोळा होतं. गॅस त्यातून बुडबुडे काढत येतो. गोठ्याच्या कोपऱ्यावर नळी झोळ खाते, तिथे टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, बसवून खाली बाटलीची टोपी लावली. उघडल्यावर पेलाभर पाणी निघालं. ज्योत शांत.

पाण्यावरून आठवलं. वहिनींची तक्रार होती की पातेलं गळतं, थंड पातेलं ठेवलं की बूड ओलं होतं. गळत नाही. मिथेन जळताना पाणीच तयार होतं. एक घनमीटर आमचा गॅस जाळला की जवळजवळ पाऊण-एक लिटर पाणी वाफ होऊन घरात येतं. त्यातलं थोडं थंड बुडावर जमतं. आगीतून पाणी निघतं हे आईला पटवायला अर्धा तास गेला, आणि पटलं असं वाटत नाही.

खीर उतू गेली तेव्हा ज्योत भडक पिवळी झाली. पुतणी ओरडली, "काजळी!" नाही. चमचा धरून दाखवला, स्वच्छ. दुधात सोडियमचे क्षार असतात, ते ज्योतीत पडले की पिवळा रंग देतात. मिठाची चिमूट टाकून पुन्हा तोच रंग काढला. दोन पिवळे, दोन वेगळी कारणं. तिनं वहीत लिहून घेतलं, माझ्यापेक्षा नीट.

२२ डिसेंबर, रविवार

थंडी. टाकी सकाळी अर्धीही वर येत नाही. शेणातले जिवाणू पस्तीस अंशांच्या आसपास खूश असतात, आता पहाटे बारा-तेरा अंश. कोमट पाण्यात शेण कालवायला सुरुवात केली, टाकीभोवती उसाच्या पाचटाचा थर रचला. यावर एवढंच करता येतं.

जेट काढून पाहिलं तर पितळ काळं पडलेलं. हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. प्रमाण थोडं पण धातूला लागतं, जळल्यावर त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो तोही घशाला लागतो. उपाय दुकानातच पडलाय : लेथखालचा लोखंडी किस. पाणी मारून पंधरा दिवस गंजवला, आता प्लास्टिकच्या पाइपात भरून गॅसच्या वाटेत बसवला. गंज त्या वायूला धरून ठेवतो. वास एका दिवसात गेला. हा किस नंतर बाहेर काढताना मात्र सांभाळावं लागतं, हवा लागली की तो स्वतःच तापतो, कधी पेटतोही. काढल्या काढल्या पाणी मारून उघड्यावर पसरायचा, कचऱ्याच्या ढिगात नाही.

वास गेला याची एक खोटही आहे, गळती नाकाला कळणार नाही. एलपीजीत मुद्दाम घाण वासाचं मर्कॅप्टन मिसळतात ते याचसाठी. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीवर पसरतो. आमचा गॅस हवेपेक्षा किंचितच हलका, कुठेही रेंगाळू शकतो. दर रविवारी साबणाचा फेस लावून सांधे बघायचे, पाळी दादाची. छपराखालचा झरोका वहिनी थंडीमुळे बोळा घालून बंद करतात, तो बोळा मी काढून नेला.

तात्या आज विचारत होते, हे शोधलं कुणी. व्होल्टानं, तोच बॅटरीवाला, १७७६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या चिखलातून बुडबुडे गोळा करून हा वायू ओळखला. आणि आपल्याकडे १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस करून दिवे लावत होते. तात्यांना व्होल्टाचं काही वाटलं नाही. माटुंग्याचं ऐकून म्हणाले, "मग आपण सव्वाशे वर्षं काय करत होतो?"

१३ जानेवारी २०२५, सोमवार

भोगी. बाजरीच्या भाकऱ्या, तीळ लावलेल्या, आणि वांगी-गाजर-हरभऱ्याची मिसळीची भाजी. वहिनींनी लाल पायांची शेगडी मधोमध घेतली, सिलिंडरची बाजूला सारली. मी मुद्दाम उभा राहिलो.

भाकरी तव्यावर एका बाजूनं झाली, उलटली, मग त्यांनी तवा सरकवून ती सरळ ज्योतीवर टाकली. हाच खरा पेपर होता. ज्योत पिवळी असती तर भाकरीला काजळी, उडती असती तर भाकरी फुगलीच नसती. ८४ निळे ठिपके भाकरीखाली पसरले, कडेनं झालर बाहेर आली, भाकरी टम्म फुगली आणि तीळ तडतडले. चिमट्यानं उलटून वहिनींनी बूड बघितलं, नाकाजवळ नेऊन वास घेतला. काही न बोलता दुसरी थापायला घेतली.

अकरा भाकऱ्या, भाजी, भात. टाकी ७४ रेघेवरून ४१ वर. तेहतीस रेघा, म्हणजे चारशे लिटर. उद्या गुळाच्या पोळ्या आहेत, पाहुणे आहेत, आणि पहाटे टाकी भरेल याची खात्री नाही. वहिनींनी सिलिंडर जोडूनच ठेवायला सांगितलंय. नळ्या वेगळ्या मापाच्या आहेत, तरी झोपायच्या आधी दोन्ही एकदा हातानं तपासल्या.